लवकर नको, वेळेवर ये : रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नेमकी काय भानगड

मध्यंतरी आमच्या ग्रुपवर एक निमंत्रण फिरत होतं, रविवारी सकाळी बेळगावात उद्यमबागेच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात "ओपन सोर्स रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, डेव्हलपर मीटअप", चहा-नाश्ता आहे. (ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघता-वापरता येतो ते.) झालं, ग्रुपवर सुरू. एकानं विचारलं विंडोजचं नवीन काय आलंय का, दुसरा म्हणाला रिअल-टाइम म्हणजे लाइव्ह असणार, क्रिकेटच्या स्कोअरसारखं, आणि येळ्ळूरच्या आमच्या काकांनी तर फोनच लावला, "काय रे, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मोबाइलात असतंय तेच की? त्याची मीटिंग कशाला भरवालेत?"

माझं कंट्रोल पॅनल वायरिंगचं छोटं काम आहे, त्यामुळं सॉफ्टवेअरवाल्यांच्या मीटअपला जाणं म्हणजे लग्नात वऱ्हाडी नसताना जेवायला बसल्यासारखं, पण गेलो. तीस-पस्तीस जण होते, निम्मी पोरं कॉलेजची, चार-पाच जण मशीन बनवणाऱ्या कारखान्यांतली, एक-दोघं बेंगळुरूहून सुट्टीला घरी आलेले. बोलणं मराठी, कन्नड, इंग्लिश सगळं एकाच वाक्यात, जसं बेळगावात कुठंही असतं. दुपारपर्यंत डोक्यात बराच उजेड पडला, तो इथं मांडतोय, कारण काकांना फोनवर सांगायला गेलो तर बॅलन्सच्या आधी धीर संपतो.

काकांच्या पंपाचा डबा

सुरुवात काकांपासूनच करतो कारण त्यांचं नुकसान झालंय आणि नुकसानीतनं गोष्ट लवकर कळते.

काकांच्या शेतात बोअर आहे, त्याला सबमर्सिबल, आणि मिस कॉल देऊन पंप चालू करायचा डबा. तुम्हीही बघितला असेल, आत सिमकार्ड असतं, लाइट रात्री दोनला आली तरी घरातनं मिस कॉल द्यायचा, पंप चालू. त्याच डब्यात ड्राय रनची सोय असते, म्हणजे बोअरमधलं पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा फिरायला लागला की मोटर कमी करंट ओढते, डब्यानं ते ओळखून पंप बंद करायचा. सबमर्सिबल मोटर पाण्यानंच थंड राहते, पाणी गेलं की तिचा खेळ खल्लास.

मागच्या उन्हाळ्यात तेच झालं. पाणी गेलं, डबा बघत बसला, मोटर जळली, रिवाइंडिंगचा खर्च काकांच्या अंगावर. डबा कुणाचा ते सांगत नाही, तसले डझनभर बाजारात आहेत. मी तो आणून टेबलावर लावला आणि हळूहळू करंट कमी करून बघितला तर दोन सेकंदांत कट होतोय, एकदम बरोबर. मग अँटेना काढली आणि परत तेच केलं. आता डबा पन्नास सेकंद ढिम्म.

काय होत होतं? आतला प्रोग्राम एका रांगेत कामं करत होता. करंट बघ, व्होल्टेज बघ, सिमच्या मॉड्यूलला विचार नेटवर्क आहे का, उत्तर आलं की परत करंट बघ. नेटवर्क चांगलं असताना उत्तर झटकन येतं. शेतात नेटवर्क एक कांडी, मॉड्यूल शोधत बसतं, कधी मिनिटभर, आणि तोपर्यंत प्रोग्राम तिथंच उभा, करंटकडं पाठ करून. ह्या पद्धतीला सुपरलूप म्हणतात, नाव भारी आहे पण आहे ती साधी बैलघाणी, एकच बैल गोल गोल फिरतोय, मध्ये कुठं अडकला की सगळंच अडकलं.

मीटअपमध्ये मी हे सांगितलं तर पुढं बसलेला एक पोरगा पटकन म्हणाला, "हेच की हो आजचं लेक्चर."

फास्ट म्हणजे रिअल-टाइम? नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे म्हणून जरा थांबतो. काकांच्या डब्यातली चिप स्लो नव्हती, सेकंदाला लाखो हिशोब करते ती. तिच्या जागी दहापट फास्ट चिप घातली असती तरी ती दहापट वेगानं जाऊन नेटवर्कच्या दारात तशीच उभी राहिली असती.

टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट आठवा. गेटमननं गेट सरासरी किती सेकंदांत पाडलं ह्याला काही किंमत नाही. गाडी यायच्या आधी ते पडलेलं असलं पाहिजे, प्रत्येक वेळी, पावसात, रात्री, टू-व्हीलरवाले खालनं घुसत असताना सुद्धा. शंभरातनं नव्व्याण्णव वेळा वेळेत पडलं म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. रिअल-टाइम म्हणजे हे. काम बरोबर झालं का एवढंच बघायचं नाही, ठरलेल्या वेळेच्या आत झालं का हेही बघायचं, आणि उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चुकीचं उत्तर धरायचं. त्या ठरलेल्या वेळेला डेडलाइन म्हणतात, हा शब्द सगळ्यांना माहीतच आहे, ऑफिसवाल्यांना तर जास्तच.

डेडलाइन पण सगळ्या सारख्या नसतात. गेटची चुकली तर माणसं जातात, ती कडक. आमच्या फाउंड्रीवाल्यांना दुसरी लगेच कळेल, एसजी आयर्नला, ही बिडाचीच एक जात, मॅग्नेशियम ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू, साधारण आठ-दहा मिनिटांत लेडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, मेटल साच्याच्या बॉक्सात गेलं पाहिजे, नाहीतर मॅग्नेशियम उडून जातं, ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट धरत नाहीत आणि कास्टिंग रिजेक्ट. कोण मरत नाही, पण उशिरा ओतलेलं मेटल कामाचं नाही. तिसरी म्हणजे व्हिडिओ कॉल, थोडा अडखळला तर चिडचिड होते, पण चालतं. आणि लग्नाचा मुहूर्त कुठल्या गटात टाकायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं, पत्रिकेत कडक असतो, मांडवात तिसऱ्या गटात जातो.

म्हणून ह्या क्षेत्रातली माणसं सरासरी विचारत नाहीत, वाईटात वाईट किती वेळ लागेल ते विचारतात. खानापूरची बस रोज बरोब्बर पाऊण तासात पोचत असेल तर तिच्यावर नोकरी करता येते. कधी अर्ध्या तासात, कधी दीड तासात पोचत असेल तर सरासरी कितीही चांगली असो, साहेब ऐकणार नाही.

मग ती ऑपरेटिंग सिस्टीम करते काय

मोबाइलात आठ जीबी रॅम असते. मीटअपमध्ये एक निळा बोर्ड हातोहात फिरवला, कॉलेजची पोरं त्याला ब्लू पिलच म्हणतात, त्यातल्या चिपमध्ये रॅम २० केबी, प्रोग्राम ठेवायला ६४ केबी. म्हणजे मोबाइलच्या चार लाखाव्या हिश्शाएवढी रॅम. ह्या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, आणि तो तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये आहे, गाडीच्या ब्रेकमध्ये आहे, हेस्कॉमच्या, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीच्या, इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये आहे, लिफ्टमध्ये आहे. स्क्रीन नाही, अॅप नाहीत, पण काम चोवीस तास.

अशा इवल्या चिपवर बसणारी ऑपरेटिंग सिस्टीम, तिला, म्हणजे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीमला, सगळे थोडक्यात आरटीओएस म्हणतात. तिचं मुख्य काम एकच, मुकादमाचं. प्रोग्रामचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक थ्रेड, एक करंट बघणारा, एक सिमशी बोलणारा, एक डिस्प्लेवर आकडे दाखवणारा. प्रत्येकाला मान ठरवून द्यायचा, म्हणजे प्रायॉरिटी. ज्याचा मान मोठा त्याचं काम आलं की खालच्याला आहे तिथं थांबवायचं, अर्ध्यात, त्याला न विचारता, मोठ्याचं उरकलं की खालच्यानं सोडलं तिथनंच पुढं सुरू करायचं.

घरातली बाई हे रोज करते. भाजी चिरताना दूध वर आलं तर ती "एवढी भेंडी चिरून होऊदे" म्हणत नाही, सुरी ठेवते, गॅस बंद करते, परत येऊन तीच भेंडी उचलते. काकांच्या डब्याला एवढी अक्कल असती तर सिमवाला थ्रेड नेटवर्कच्या दारात खुशाल उभा राहिला असता, करंटवाल्यानं आपलं काम केलं असतं.

एक गंमत इथं सांगतोच. फ्रीआरटीओएस म्हणून जुनी प्रसिद्ध सिस्टीम आहे, त्यात आकडा मोठा तर मान मोठा. झेफर ही तसलीच दुसरी ओपन सोर्स सिस्टीम, तिच्याबद्दल पुढं येतंच, तिच्यात उलटं, आकडा लहान तर मान मोठा, आणि शून्याच्या खालचे आकडे म्हणजे असे थ्रेड की ते आपणहून जागा सोडेपर्यंत दुसरा थ्रेड त्यांना उठवत नाही, घरातल्या आजोबांसारखे. दोन्हीकडं काम करणारी माणसं ह्यात चुकतात, मीटअपमध्ये तिघांनी हात वर करून कबुली दिली.

आणि मुकादम जादूगार नाही हेही समजून घ्या. दिवसाला आठ तासांच्या मजुराकडनं बारा तासांचं काम कुठलाच मुकादम करून घेऊ शकत नाही. ह्याचं गणित १९७३ साली लिऊ आणि लेलँड ह्या दोघांनी मांडून ठेवलंय. ठराविक वेळानं परत परत येणारी कामं असतील, एकमेकांवर अवलंबून नसतील, आणि जे काम जास्त वेळा येतं त्याला मोठा मान दिला असेल, तर चिप साधारण ६९ टक्क्यांच्या आत बिझी ठेवली की सगळ्या डेडलाइन पाळल्या जातात, कितीही कामं असोत. त्याच्या वर गेलं की चुकतीलच असं नाही, पण मग प्रत्येक वेळी हिशोब करून बघावा लागतो. थोडी रिकामी जागा ठेवणं म्हणजे वाया घालवणं नाही, हे आमच्याकडच्या बऱ्याच मालकांना पटत नाही, मशीनचंही आणि माणसाचंही.

सात मिलिसेकंदांची लफडी

मीटअपमधला सगळ्यात चांगला भाग म्हणजे एक फसलेला डेमो. एका पोरानं छोटी मोटर लावली होती, दर एक मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, तिचा स्पीड तपासून दुरुस्त करायचा. गुळगुळीत फिरत होती. मग आत काय चाललंय ते दाखवायला त्यानं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, स्पीडचा आकडा लॅपटॉपवर प्रिंट कर. मोटर गुरगुरायला लागली, हिसके देत फिरायला लागली. ओळ काढली, परत ठीक. कॉलेजच्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे, नुसतं छापलं तर मोटरला काय झालं?

हिशोब फळ्यावर केला. लॅपटॉपला जाणाऱ्या वायरचा वेग ११५२०० बिट सेकंदाला, एक अक्षर पाठवायला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. त्याची ओळ ८० अक्षरांची. भागाकार केला तर जवळजवळ ७ मिलिसेकंद. मोटरकडं दर मिलिसेकंदाला बघायचं होतं आणि हा सात मिलिसेकंद पत्र लिहीत बसला, सात फेऱ्या बुडाल्या.

मग त्यानं झेफरची लॉगिंगची सोय वापरली, त्यात छापायचा मजकूर आधी एका डब्यात टाकला जातो आणि खालच्या मानाचा थ्रेड सवडीनं तो पाठवतो. मोटर परत शांत. "आयतु, नोडरी," म्हणजे झालं बघा, असं कन्नडात म्हणाला आणि खाली बसला. माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचं तिकीट तिथंच वसूल, तिकीट नव्हतं ही गोष्ट वेगळी.

पान्हा हेल्परकडं आणि यान मंगळावर

मान ठरवून दिला म्हणजे प्रश्न संपला असं वाटतं, पण इथं एक जुनं दुखणं आहे. कारखान्यातलं उदाहरण घ्या. एकच टॉर्क पान्हा आहे. हेल्परनं तो घेतला, एक बोल्ट आवळतोय. तेवढ्यात मोठ्या मिस्त्रीला पान्हा लागला, तो हेल्परचा बोल्ट होईपर्यंत थांबला, ठीक आहे, दोन मिनिटं. पण मधेच सुपरवायझर आला, त्याचा मान इथं मिस्त्रीच्या खाली आणि हेल्परच्या वर धरा, आणि हेल्परला म्हणाला जा, सगळ्यांना चहा घेऊन ये. हेल्पर पान्हा खिशात टाकून गेला. आता सगळ्यात मोठा मिस्त्री चहाची वाट बघत उभा आहे, आणि सुपरवायझरला कल्पनाही नाही की त्यानं कुणाला अडवलंय. ह्याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात, मानाची उलटापालट.

हसण्यावारी नेऊ नका, हे मंगळावर झालंय. नासाचं मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. आत व्हीएक्सवर्क्स नावाची आरटीओएस होती. हवामानाची माहिती गोळा करणारा खालच्या मानाचा टास्क, टास्क म्हणजे आपला थ्रेडच, सामायिक पान्हा धरून बसायचा, मधल्या मानाचा संपर्काचा टास्क त्याला बाजूला सारायचा, आणि यानातल्या सगळ्या माहितीची ने-आण बघणारा मोठ्या मानाचा टास्क ताटकळायचा. त्याचं काम वेळेत झालं नाही हे राखणदाराला दिसलं की तो सगळंच रीस्टार्ट करायचा. राखणदार म्हणजे वॉचडॉग, ठरलेल्या वेळेत हजेरी लागली नाही तर सिस्टीम बंद करून चालू करणारा.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरांनी जमिनीवर तसंच यान चालवून तो दोष पकडला आणि दुरुस्ती इथनं पाठवली. दुरुस्ती केवढी, तर आत आधीपासूनच असलेली एक सोय चालू केली. सोय अशी की पान्हा हेल्परकडं असेल आणि मिस्त्री थांबला असेल, तर पान्हा परत देईपर्यंत हेल्परला मिस्त्रीचाच मान. मग सुपरवायझर त्याला चहाला पाठवू शकत नाही. झेफरच्या कुलपांमध्ये, म्हणजे म्युटेक्समध्ये, ही सोय आधीपासूनच असते.

अर्डुइनोनं होतंय की, नाहीतर लिनक्स घाला

हा प्रश्न मीटअपमध्ये आला आणि बरोबरच आला. अर्डुइनो म्हणजे नवशिक्यांचा सोपा बोर्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर. एक दिवा लावायचा, एक सेन्सर वाचायचा, तर बैलघाणी पुरते, उगाच मुकादम ठेवू नका. मी स्वतः दोन-तीन पॅनलमध्ये तसंच करतो. कामं तीन-चार झाली, त्यातलं एक थांबवून ठेवणारं असलं, की मात्र बैलघाणी रडवते.

बाकी ज्यांना वाटतं आपण कधी आरटीओएस वापरली नाही त्यांच्यासाठी बातमी, तुम्ही ईएसपी३२ बोर्डावर अर्डुइनोचा प्रोग्राम टाकला असेल तर खाली फ्रीआरटीओएस चालू असते, तुमचा लूप हा तिच्यातलाच एक थ्रेड. भाडेकरू म्हणून राहिलात, घरमालक बघितला नाही एवढंच.

लिनक्सचं, म्हणजे कॉम्प्युटर-सर्व्हरवर चालणाऱ्या मोठ्या ओपन सोर्स सिस्टीमचं, वेगळं आहे. लिनक्स सगळ्यांना वाटून काम द्यायला बनलं, सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त काम व्हावं म्हणून. एकाला वेळेवरच मिळालं पाहिजे ह्यासाठी त्यात वीस वर्षं लोक खपले आणि त्यातला मुख्य भाग अखेर २०२४ मध्ये मूळ लिनक्समध्ये आला, ६.१२ ह्या आवृत्तीत. म्हणजे आता लिनक्सही बऱ्यापैकी वेळ पाळतं. पण त्याला मेगाबाइटांत मेमरी लागते, आणि आपला निळा बोर्ड २० केबीचा. घोडागाडी कितीही चांगली असली तरी ती माडीवर चढत नाही.

झेफरच का, आणि हे नाव कसलं

झेफर म्हणजे ग्रीक पुराणातला पश्चिमेचा वारा. म्हणून त्यांच्या मुख्य टूलचं नाव वेस्ट, आणि चिन्ह पतंग. आमच्याकडं पश्चिमेचा वारा म्हणजे जूनमध्ये चोर्ला घाटाकडनं येणारा आणि छत्री उलटी करणारा, त्यांचा जरा मंद आहे म्हणे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशननं हा प्रकल्प जाहीर केला, मूळ कोड विंड रिव्हर कंपनीकडनं आला, जी व्हीएक्सवर्क्स बनवते तीच, मंगळवाली. आता इंटेल, नॉर्डिक, एनएक्सपी अशा एरवी एकमेकांच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवणाऱ्या चिप कंपन्या ह्यात एकत्र काम करतात. ऐकू येण्याची यंत्रं, गूगलच्या क्रोमबुकमधला कीबोर्ड-बॅटरी सांभाळणारा छोटा कंट्रोलर, असल्या ठिकाणी झेफर चालतंय.

त्यातल्या दोन गोष्टी आमच्यासारख्यांना उपयोगी. पहिली डिव्हाइसट्री. आम्ही पॅनल बनवतो तेव्हा वायरिंग ड्रॉइंग वेगळं असतं, कुठल्या टर्मिनलला काय जोडलंय ते कागदावर, मिस्त्रीच्या डोक्यात नाही. डिव्हाइसट्री म्हणजे बोर्डाचं तसं ड्रॉइंग, एका वेगळ्या फाइलमध्ये, रिले ह्या पायाला, सेन्सर त्या पायाला. प्रोग्राम फक्त "रिले चालू कर" म्हणतो. बोर्ड बदलला तर ड्रॉइंग बदला, प्रोग्राम बहुतेक तसाच. दुसरी के-कॉन्फिग, ही लग्नातल्या आचाऱ्याची यादी, जे पदार्थ हवेत त्यावर खूण करा, बाकीचे शिजतच नाहीत, म्हणून छोट्या चिपमध्ये मावतं.

बोर्ड बदलायची सोय म्हणजे हौस नाही. २०२१ मध्ये चिपचा दुष्काळ पडला होता तेव्हा ज्यांचा सगळा प्रोग्राम एकाच कंपनीच्या चिपला चिकटलेला होता ते हात चोळत बसले, दुसरी चिप बाजारात असून घालता येईना, कारण सगळं परत लिहायला सहा महिने. माझ्या ओळखीच्या एकानं त्या काळात मिळेल त्या भावानं चिपा घेतल्या, अजून त्याच्या कपाटात त्यातल्या अर्ध्या पडून आहेत.

वाईट काय, तर शिकायला अवघड. पहिला दिवा लुकलुकेपर्यंत अर्डुइनोवर दहा मिनिटं लागतात, झेफरवर माझा अख्खा रविवार गेला, त्यातला निम्मा डाउनलोड होण्यात. डिव्हाइसट्रीतल्या चुकीचा जो मेसेज येतो तो वाचून ब्रह्मदेवाला पण कळणार नाही. मीटअपमध्ये हे कुणी लपवलं नाही, उलट मीटअप असतातच त्यासाठी, एकाच्या बोर्डावर अडलेलं दुसऱ्यानं आधीच सोडवलेलं असतं आणि ते चहाच्या कपाबरोबर मिळतं.

फुकट आहे, म्हणजे भरवसा काय

मशीन बनवणाऱ्या एका मालकांनी उभं राहून विचारलं, "उद्या बंद पडलं तर कुणाच्या नावानं ओरडायचं?" सगळे हसले पण प्रश्न खरा आहे.

आधी लायसन्स. झेफरचं अपाची २.०, फ्रीआरटीओएसचं एमआयटी. दोन्हींचा साधा अर्थ, तुमच्या मालात घाला, विका, पैसे द्यायचे नाहीत, आणि तुम्ही लिहिलेला तुमचा भाग उघडा करायची सक्ती नाही. मूळ लायसन्सची आणि मालकीची नोंद तेवढी सोबत ठेवायची. लिनक्सचं लायसन्स ह्याहून कडक आहे, त्यात केलेला बदल माल विकताना गिऱ्हाइकाला द्यावा लागतो, म्हणून कारखानदार इथं जरा निवांत असतात. पण हमी कुणी देत नाही, हेही त्याच लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय. ओरडायचं तर पैसे देऊन सपोर्ट घ्यावा लागतो, नाहीतर स्वतःचं माणूस तयार करावं लागतं.

मग कोड सगळ्यांना दिसतो तर चोरालाही दिसणार? दिसतो. काकांच्या डब्याचा कोड मात्र कुणालाच दिसत नव्हता, मलाही नाही, म्हणून पन्नास सेकंदांचं ते भोक मोटर जळेपर्यंत कळलं नाही. कुलपाची रचना सगळ्यांना माहीत असून न उघडणारं कुलूप चांगलं, रचना लपवली म्हणून टिकलेलं नाही. झेफरमध्ये सुरक्षेच्या दोषांची रीतसर नोंद होते, दुरुस्त्या निघतात, आणि काही आवृत्त्या लांब मुदतीसाठी सांभाळल्या जातात, जुलै २०२४ ची ३.७ ही तसली. अर्थात दुरुस्ती निघाली तरी ती शेतातल्या डब्यापर्यंत पोचवायची कुणी, हा प्रश्न राहतोच, आणि आपल्याकडचे बहुतेक डबे एकदा विकले की बनवणाऱ्याला परत तोंड दाखवत नाहीत.

युरोपला माल पाठवणाऱ्यांनी मात्र इथं कान टवकारावेत. आमच्या भागातनं कास्टिंग, हायड्रॉलिक्स बाहेर जातातच, त्यातल्या ज्या मालात सॉफ्टवेअर असेल आणि जो नेटवर्कला किंवा दुसऱ्या यंत्राला जोडता येत असेल त्याला युरोपचा सायबर रेझिलियन्स अॅक्ट लागणार. तो डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला, मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून. मालात कुठलं कुठलं सॉफ्टवेअर आहे त्याची यादी ठेवा, दोष सापडला तर दुरुस्ती पुरवा, असं त्यात आहे. ही यादी म्हणजे कुंद्याच्या बॉक्सवर खवा, साखर, वेलदोडा लिहितात तशी. नुसत्या लोखंडी कास्टिंगला ह्याचं काही नाही, पण पंपावर असा जोडता येणारा कंट्रोलर बसवून पाठवत असाल तर आहे. झेफरचं वेस्ट टूल अशी यादी आपोआप काढून देतं, हे ऐकून त्या मालकांनी पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहिलं.

काकांचा परत फोन

रात्री काकांना फोन केला. रिअल-टाइमचं गेटचं उदाहरण त्यांना लगेच पटलं, पान्ह्याचं सांगितल्यावर म्हणाले हे तर आमच्या सोसायटीत रोज चालतंय. मग मुद्द्यावर आले, "ते सगळं असूदे, आता जो नवीन डबा घेतलाय तो चांगला की वाईट ते कसं ओळखायचं?"

आतली सिस्टीम कुठली ते विचारून उपयोग नाही, दुकानदाराला माहीत नसतं. मी सांगितलं, "काका, इलेक्ट्रिशियनला बोलवा, मोटरच्या जागी छोटा लोड लावून ड्राय रन टेस्ट करायला सांगा. एकदा सिम घालून करा, एकदा अँटेना काढून करा. दोन्ही वेळा सारख्याच सेकंदांत कट झाला तर ठेवा. अँटेना काढल्यावर जास्त वेळ लागला तर पावती सांभाळून ठेवली असेल ती काढा."

"अँटेना काढली तर मिस कॉल लागणार नाही की रे. मग चालू कसा करू?"

"डब्यावर हिरवं बटण आहे काका."

जरा वेळ शांतता. "होय की," म्हणाले, "ते बटण हाय ते विसरूनच गेलतो बघ."